मुहर्रकच्या भिंतींमधले मीठ

बहारीनमधल्या मुहर्रक शहरात शेख ईसा बिन अली यांचे जुने घर आहे. १८६९ मध्ये गादीवर आलेल्या या शेखांचा संसार आणि कारभार दोन्ही इथेच चालत. गल्लीकडे जवळपास कोऱ्या भिंती, आत चौकामागून चौक आणि वर बादगीर, म्हणजे कोणत्याही दिशेचा वारा पकडून खालच्या खोलीत उतरवणारा मनोरा. आता हे घर लोकांना पाहायला खुले आहे. मोत्यांच्या व्यापाऱ्यांची अशीच काही घरे याच शहरात आहेत. मोती काढण्याच्या या साऱ्या वारशाला २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

चौकाचे शास्त्र बहुतेकांना ऐकून माहीत असते. रात्री गच्ची आकाशाकडे उष्णता सोडून थंड होते, गार आणि म्हणून जड झालेली हवा चौकात उतरते, आणि जाड भिंतींमुळे दुपारची झळ आत पोहोचायला उशीर होतो. जतन करणाऱ्यांची खरी कसोटी मात्र या भिंतीच पाहतात.

या भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळी दगडाच्या आहेत. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे उष्णता सावकाश वाहून नेतो, पण समुद्राचे मीठही सोबत घेऊन येतो. वर जिप्समचा गिलावा. चुनखडी भाजायला सुमारे ९०० अंश सेल्सिअस लागतात, जिप्समला १५० च्या आसपास पुरतात. जिथे जळणच दुर्मीळ, तिथे ही निवड किती शहाणपणाची होती! छताला पूर्व आफ्रिकेतून गलबतांनी आणलेले खारफुटीचे वासे. त्यांची लांबी मर्यादित, म्हणून खोल्याही अरुंद आणि लांबट.

दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे जमिनीतले खारे पाणी या भिंतींत वर चढते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. कोकणात भिंतीला लोणा लागलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. साधे मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा शोषून विरघळते आणि ती खाली आली की पुन्हा स्फटिक बनते. आखाताच्या किनाऱ्यावर हवा ही रेषा वारंवार ओलांडते. दर वेळी छिद्रांत वाढणारे स्फटिक आतून दाब देतात आणि दगडाचा भुगा होत जातो.

अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवणे मला अक्षम्य वाटते. सिमेंटमधून ओल सहज बाहेर पडत नाही. ती आणखी वर चढते किंवा आतच साचते, शिवाय सिमेंट स्वतःचे क्षारही आणते. बाहेरून भिंत नवी दिसते, आत मऊ प्रवाळ कुजत असतो. योग्य वाट संथ आहे. आधी सिमेंट हलक्या हाताने उतरवायचे. मग कागदाचा लगदा किंवा माती शुद्ध पाण्यात कालवून भिंतीवर थापायची. लेप सुकताना मीठ ओढून घेतो. हे अनेकदा करावे लागते. शेवटी मऊ, सच्छिद्र गिलावा द्यायचा. पुढे मिठाने तो पोखरला तरी चालेल, दगड वाचला पाहिजे.

नंतर येते संग्रहालय, आणि त्यासोबत एसी. जुनी कागदपत्रे व कापड यांना ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर आर्द्रता मानवते. भिंत मिठाने भरलेली आणि पायात ओल असेल, तर तीच कोरडी हवा सगळे मीठ आतल्या पृष्ठभागाकडे खेचते. वस्तू वाचवताना घर गमवायचे, हा सौदा मला पटत नाही. नाजूक वस्तू स्वतंत्र, हवाबंद काचपेट्यांत ठेवाव्यात आणि आर्द्रता तेवढ्या पेटीतच सांभाळावी. उन्हाळ्यात माणसांसाठी गारवा हवाच असेल, तर तो मोजक्या खोल्यांत आणि सौम्य ठेवावा.

या घरांच्या वैभवाला मुंबईचाही हातभार होता. आखाताचे कितीतरी मोती मुंबईच्या बाजारात येत, इथे निवडले आणि ओवले जात. १९३० च्या सुमारास जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी तो व्यापार मोडला, १९३२ मध्ये बहारीनमध्ये तेल सापडले, आणि पुढे काँक्रीटच्या नव्या घरांपुढे प्रवाळाच्या भिंती दुर्लक्षित राहिल्या. म्हणून उद्घाटनाच्या खर्चासोबतच, दर काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या त्या मऊ गिलाव्याचे पैसे आणि तो लावणारे गवंडी यांचीही तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात व्हायला हवी.