टंचाई, दुष्काळ आणि दुष्काळसदृश: माण ते जत पट्ट्याची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीच्या पूर्वेकडचा माण ते जत हा दुष्काळी पट्टा. इथला राजेवाडीचा तलाव 1876 च्या दुष्काळी कामांतून झाला, मायणी आणि नेरचे तलावही इंग्रजी अमदानीतले. 1972 मध्ये याच पट्ट्यातली माणसे खडी फोडायला गेली आणि त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आला. हे सगळे पाठ आहे. घोळ आहे तो शब्दांचा, आणि तो अलीकडचा आहे.

पूर्वी दुष्काळ ठरे पैसेवारीवर, म्हणजे नेहमीचे पीक रुपया धरले तर यंदाचे किती पैसे, यावर. कापणी प्रयोगातले उत्पन्न 50 पैशांच्या आत आले की गाव यादीत. नजर, सुधारित, अंतिम असे टप्पे घेत खरिपाचा निकाल लागे डिसेंबरात, म्हणजे बाजरी जळून गेल्यावर. पद्धत उशिराची खरी, पण मोजणी बांधावर होती. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस आधी आणला. सरासरीपासूनची तूट आणि पावसातला खंड ही पहिली कसोटी. मग उपग्रहावरून पिकांची हिरवळ, जमिनीतला ओलावा, पेरणीचे क्षेत्र, आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी.

ग्यानबाची मेख ‘सरासरी’त आहे. प्रत्येक तालुका स्वतःच्याच सरासरीशी ताडला जातो. आटपाडीची सरासरीच पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिच्यातली तूट थोडी दिसली, तरी विहीर आटायला ती पुरते. उलट शिराळ्याकडच्या, भरपूर पावसाच्या वारणाखोऱ्यात पाऊस निम्म्यावर आला की आकडा लगेच बोलतो. शिवाय उपसा योजनेच्या पाण्यावर डाळिंब-द्राक्षे हिरवी असली, तर शेजारची कोरडवाहू मटकी वरून दिसत नाही.

31 ऑक्टोबर 2023 ला राज्यातले 40 तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात नेमके हेच घडले. साताऱ्यातून वाई आणि खंडाळा. सांगलीतून शिराळा, कडेगाव, खानापूर, मिरज. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ बाहेर. जिल्ह्यात सर्वांत जास्त पावसाचा शिराळा आत आणि जत बाहेर, हे नियमात बसले तरी गळी उतरणारे नव्हते. ओरड झाल्यावर 10 नोव्हेंबरला इतर तालुक्यांतली 1,021 महसूल मंडळे (तालुक्यातले गावांचे गट) ‘दुष्काळसदृश’ ठरली. निकष असा की पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि एकूण 750 मिलिमीटरच्या आत. मंडळांना सवलती मिळाल्या: महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सूट, परीक्षा शुल्क माफी. केंद्राकडे मदतीचा प्रस्ताव गेला तो मात्र 40 तालुक्यांचाच. एका ‘सदृश’ची किंमत एवढी.

शब्दांचा हा खेळ उपसा योजनांच्या पंपांपर्यंत पोचतो. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या निवाड्याची मुदत 2000 पर्यंत होती. वाट्याचे पाणी तोवर अडवायचे म्हणून 1996 नंतर ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांच्या कामांना घाई झाली. पाणी टप्प्याटप्प्याने उचलायचे, म्हणजे खर्च विजेचा. पाणीपट्टी थकली की बिल थकते, बिल थकले की पंप बंद. पुढे वीजबिलाचे 81 टक्के शासन आणि 19 टक्के लाभधारक असा तोडगा निघाला. त्याआधीच्या दुष्काळी वर्षांत बिल टंचाई निधीतून भरून आवर्तने (पाण्याच्या पाळ्या) सुटली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा त्याच सांगली जिल्ह्यातल्या जतमध्ये टँकर फिरत होते.

जलसंधारणाचे श्रेय सगळे घेतात, दुरुस्ती कोणी घेत नाही. काम माथ्यापासून पायथ्याकडे यायला हवे. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खणलेले चर, 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल, म्हणजे एका मीटरला 180 लिटर. माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची. पातळी चुकली तर सगळे पाणी एका टोकाला जमते आणि तिथेच चर फुटतो. ओढा खोलीकरणात जेसीबी मुरूम संपल्यावरही चालत राहतो. उघड्या पडलेल्या काळ्या कातळात पाणी मुरत नाही, नुसते साठते आणि उन्हात उडते. प्लास्टिकचे शेततळे बोअरच्या पाण्याने भरले, तर ते संधारण नव्हेच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळा ओसरताच बसवावे लागतात. रबरी पट्टी कुजलेली असेल तर दिवाळीला तुडुंब दिसणारा बंधारा माघात रिकामा.

टँकरला मात्र ‘दुष्काळ’ लागत नाही, ‘टंचाई’ पुरते. आधी खासगी विहीर अधिग्रहण, ते न जमल्यास तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी, मग मंजुरी. माणशी 20 लिटर धरले तर दीड हजार वस्तीला रोज 30 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या तीन खेपा. भरण्याची जागा लांब आणि वीज गेलेली असली की तिसरी खेप कागदावरच होते. त्यातही पाणी कोरड्या विहिरीत ओतले तर काही भाग फटींतून जातो, उरलेले टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही गढूळच. विहिरीऐवजी ओट्यावर सिंटेक्सची टाकी ठेवून तिला चार-सहा तोट्या काढल्या, तर तेच पाणी पुरते.