औषधाच्या आधी गव्हाण बघा

नमस्कार मंडळी. आमच्या जनावरांच्या औषधाच्या दुकानात आल्या आल्या बरेच जण म्हणतात, काहीतरी औषध द्या, दूध कमी आलंय, गाय सारखी उलटायलीय, म्हणजे भरवली तरी गाभण राहत नाही. आम्ही आधी एकच विचारतो, खायला काय घालताय? ऊसतोड सुरू झाली की आमच्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, हुक्केरी सगळीकडं उत्तर ठरलेलं, वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे.

वाडं वाईट नाही. फुकटात मिळतं, हिरवं असतं, जनावर आवडीनं खातं. पण त्यात ऑक्झॅलेट असतं, ते पोटातल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे बाहेर घेऊन जातं, म्हणजे तुम्ही पोटभर वैरण घालताय आणि जनावर आतनं रिकामं व्हायलंय. नोव्हेंबर ते मार्च नुसत्या वाड्यावर काढलेली म्हैस नंतर दूध कमी देती, वेळेवर माजावर येत नाही, मग लोक कॅल्शियमच्या बाटल्यांमागं पळतात. त्यापेक्षा कापलेल्या वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडा, 100 लिटर पाण्याला 1 किलो चुना, रात्रभर ठेवून वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. सोबत कडबा किंवा थोडा लसूण घास मिसळा आणि मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम मिनरल मिक्श्चर द्या. मिक्श्चर आम्ही विकतो म्हणून सांगत नाही, कुठनंही घ्या, पण वाड्याच्या दिवसात चुकवू नका.

दुसरं दुखणं दगडी, म्हणजे कास सुजून दूध नासणं. गुजरातच्या आणंदमधल्या एनडीडीबीनं, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं, यावर एक घरगुती लेप सगळीकडं पोचवलाय, आम्हीही ग्राहकांना तोच सांगतो. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम, मिक्सरला काढला की लालसर होतो. सड पूर्ण पिळून, कास धुवून, थोडा लेप पाण्यात पातळ करून पूर्ण कासेला लावायचा, दिवसातनं दहा वेळा, पाच दिवस. होय, दहा वेळा. दोनदा लावून गुण नाही म्हणणारे भरपूर भेटतात. पण दुधात रक्त आलं, ताप आला किंवा गाईनं वैरण सोडली तर लेपावर थांबू नका, डॉक्टरना बोलवा. आणि डॉक्टरनी अँटिबायोटिक दिलं तर ते सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही, ते कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जातं.

दगडी होऊच नये म्हणून सोपं काम आहे. धार काढली की लगेच गव्हाणीत वैरण टाका. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, तेवढा वेळ गाय खात उभी राहिली तर शेणात बसत नाही.

गोचीड अंगावर दिसतो तेवढाच नसतो, अंडी भिंतीच्या फटीत असतात आणि एक मादी हजारांनी घालते. नुसतं जनावर धुऊन काय उपयोग? फटी लिंपा, चुना मारा, अंगाला निंबोळी अर्क लावा. दोन चार कोंबड्या गोठ्यात सोडल्या तर त्याही गोचीड वेचून खातात, हे आमच्या आजीला कुणी शिकवलं नव्हतं.

आता एक मनापासनं सांगायचंय. पोट फुगलं की जीभ ओढून, मान वर करून तेल पाजायची पद्धत आहे आपल्याकडं. आमच्या घरची एक दुभती गाय अशीच गेली, तेल फुप्फुसात उतरलं आणि चौथ्या दिवशी आटोपलं. जीभ धरू नका, मान जास्त वर करू नका, घोट घोट पाजा, ठसका लागला की थांबा. जमत नसेल तर पाजूच नका, 1962 ला फोन करा, जनावरांची गाडी येते.

चिकाबद्दल एवढंच की पहिल्या तासात वासराला पाजा, 25 किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच लिटर तरी, खरवस त्यानंतर. घटसर्प, फऱ्या, लाळ खुरकत यांच्या लसीला मात्र घरात पर्याय नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या आधीच, खानापूरकडच्यांनी तर मे महिन्यातच उरकून घ्या, तिकडं पाऊस लागला की बाहेर पडणं मुश्कील.

दुकानात येताना जनावर किती दिवसांचं व्यालेलं, दूध किती, वाडं किती घालता एवढं लिहून आणा, मग काय द्यायचं आणि काय घेऊ नका ते सांगतो.