पाळी गेल्यावर रक्तवाहिन्यांचं काय होतं आणि चालण्याने त्यात काय फरक पडतो

आईला फिरायला चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "अगं दिवसभर घरात चालतेच आहे की मी, अजून वेगळं काय चालायचं?" ती खोटं बोलत नाही, पण ओटा ते बाल्कनी या चालण्यात दम लागत नाही, आणि रक्तवाहिन्यांना जे हवं असतं ते थोडासा दम लागला की मिळतं. का ते सांगते.

आपल्या धमन्यांना आतून पेशींचा एक अगदी पातळ थर असतो, एंडोथेलियम. हा थर नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू तयार करतो आणि त्याने धमनी सैल पडते, रुंद होते. हा वायू शरीरात निरोप पोचवायचं काम करतो हे शोधल्याबद्दल १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना नोबेल मिळालं. आता बायकांच्या बाबतीत बघा, हा वायू बनवणाऱ्या एन्झाइमला इस्ट्रोजेन या हार्मोनकडूनही जोर मिळत असतो. पाळी थांबली की अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन जवळजवळ बंद होतं, तो जोर जातो, धमन्या कडक व्हायला लागतात आणि ज्या बाईचं बीपी आयुष्यभर नॉर्मल होतं तिला पंचावन्न-साठीत अचानक गोळी सुरू होते.

पण त्याच एन्झाइमला चालू करणारं दुसरं बटण आहे, रक्ताचा वेग. भरभर चाललं की रक्त धमनीच्या भिंतीला जोरात घासून जातं, त्या घासण्याने पेशींना इशारा मिळतो आणि वायू बनतो, त्यासाठी दम लागायला हवा. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी पाळी गेलेल्या, व्यायाम न करणाऱ्या बायकांना तीन महिने चालायला लावलं आणि मानेतली धमनी तपासली तर ती आधीपेक्षा लवचिक झालेली दिसली, म्हणजे गेलेलं थोडंतरी परत येतं. मात्र त्यांच्याच २०१३ च्या अभ्यासात असंही दिसलं की ज्यांना इस्ट्रोजेन दिलं नव्हतं त्यांच्यात एंडोथेलियमची धमनी सैल करायची ताकद नुसत्या व्यायामाने सुधारली नाही, इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये सुधारली. हे वाचून मला वाईट वाटलं होतं, पण लपवून काय उपयोग. आणि यावरून हार्मोनच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करायच्या नाहीत, अमेरिकेतली १६,६०८ बायकांवरची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची मोठी चाचणी २००२ मध्ये मध्येच थांबवावी लागली कारण स्तनाचा कॅन्सर, हार्ट अटॅक, पक्षाघात यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच.

आता सगळ्यात गोंधळाचा भाग. सिएटलमध्ये ५० ते ७५ वयाच्या, वजन जास्त असलेल्या १७३ बायकांवर वर्षभराचा प्रयोग झाला, निम्म्यांनी व्यायाम केला, बाकीच्यांनी नुसतं स्ट्रेचिंग. व्यायाम करून ज्यांची चरबी खरंच कमी झाली त्यांच्या रक्तातलं इस्ट्रोजेन घटलं. मग इस्ट्रोजेन चांगलं ना, घटलं तर तोटाच की! तसं नाही. या वयात उरलेलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत बनतं, ते धमन्यांना वाचवण्याइतकं नसतंच, पण जास्त असलं तर पाळी गेल्यानंतरच्या स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतं, त्यामुळे हे घटणं फायद्याचं.

पोटाची चरबी आणखी एक उद्योग करते, सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. ही सूज पाय सुजतात तशी दिसत नाही, सीआरपी नावाच्या रक्ताच्या टेस्टमध्ये कळते आणि वर्षानुवर्षं धमनीची भिंत खराब करते. त्यातलं एक रसायन इंटरल्यूकिन-६, आणि गंमत म्हणजे व्यायाम करताना आपले स्नायूसुद्धा हेच सोडतात! कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी हे नीट उलगडलं. चरबीतून ते दिवसरात्र ठिबकतं, स्नायूतून तासाभरापुरतं उसळतं आणि ओसरतं, आणि त्या उसळीमागोमाग सूज शमवणारी रसायनं वाढतात. म्हणून मांडीचे मोठे स्नायू वापरणं महत्त्वाचं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणंही त्यात आलं, गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या.

किती चालायचं? १०,००० पावलांचा आकडा मुळात १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वयाच्या १६,७४१ बायकांची पावलं मोजली, रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. अर्थात ज्या मुळात ठणठणीत त्या जास्त चालतात असंही असणार, सगळं श्रेय पावलांना देता येत नाही. पण आईला मी हा ४,४०० चा आकडा सांगितला तेव्हा ती पहिल्यांदाच म्हणाली, "एवढंच ना?" आणि चपला शोधायला लागली.