रश सीटची जुनी खुर्ची विणायला देताय? आधी हलवून बघा

"फक्त सीट विणून द्या, पाय थोडे हलतात ते नंतर बघू." इंग्लंडातल्या आपल्या मराठी गिऱ्हाइकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी हे पत्रक काढलं. नंतर बघता येत नाही हो! ओलसर रशला (पाण्यात वाढणारं लव्हाळ्यासारखं गवत) पीळ देत देत तो सीटच्या चारही दांड्यांना गुंडाळत कोपऱ्यांकडून मधे यायचं, आतली पोकळी रशच्याच तुकड्यांनी ठासायची, एवढं झाल्यावर दांडी सांध्यातून ओढून सरस लावणार कुठून? आणि सांधा सैल असला की बसताउठता दांडी हलते आणि नवा रश तिथेच घासून तुटतो, मग चांगली सीट कापून पहिल्यापासून सगळं, पैसे दोनदा.

म्हणून खुर्ची बघितल्याशिवाय आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर रेट सांगत नाही. काहींना राग येतो, पण फोटोत सांधा हलत नाही.

घरी बघायचं तर खुर्ची सपाट जमिनीवर ठेवा, एक हात पाठीला, एक पुढच्या पायाला, आणि तिरकी ढकला. करकरली, नाहीतर एखादी दांडी हाताने फिरली, की सांधा गेला समजा. आर्मचेअरचे हात खास बघा, कारण सगळे तिथेच धरून उचलतात. सीटखालची चौकट धरून उचलायची.

विल्यम मॉरिसच्या कंपनीची काळी ससेक्स खुर्ची घ्या, बारीक काड्यांची, किंवा हेरफर्डशायरचा खुर्च्या करणारा कारागीर फिलिप क्लिसेट, त्याच्या पद्धतीची अ‍ॅश लाकडाची घ्या (1890 मधे डिझायनर अर्नेस्ट गिमसन त्याच्याकडेच शिकायला गेला होता), दोन्हीत सगळा जोर गोल भोकात बसवलेल्या दांड्यांवर. त्यात स्क्रू मारला की लाकूड चिरतं. आम्ही सरसच वापरतो, तो पुढे कधी सोडवता येतो.

सीग्रास (गवताची तयार दोरी) स्वस्त पडतं, मान्य, पण ह्या खुर्च्यांवर आम्ही ते विणत नाही. रश नदीतला, उन्हाळ्यात कापून वाळवलेला, त्यामुळे चांगला माल संपला की थांबावं लागतं. विणून नेल्यावर रेडिएटरला चिकटवून ठेवू नका, कडक होऊन तुटतो. व्हार्निश तर नकोच.

सांधे आणि सीट एकदम दिलंत तर खुर्ची उसवायचे वेगळे पैसे घेत नाही. आणि जुनी सीट कितीही फाटलेली असूदे, घरी कापून फेकू नका, पीळ किती जाड होता ते आम्ही त्यावरूनच बघतो.