विद्यार्थी संघाच्या पैशावर वृत्तपत्र : कॅनडातला जुना वाद

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१९ च्या शरद सत्राची फी भरताना विद्यार्थ्यांना एक नवी सोय मिळाली. यादीतल्या काही बाबी नको असतील तर नाकारा आणि तेवढे पैसे वाचवा. क्रीडा, आरोग्य, समुपदेशन यांची फी सक्तीचीच राहिली. विद्यार्थी संघ, कॅम्पसवरचं वृत्तपत्र आणि रेडिओ मात्र सरकारच्या लेखी ‘अनावश्यक’ ठरले. पुण्या-नागपुराहून तिकडे शिकायला गेलेल्यांच्या बिलातही या ओळी असतात. रक्कम काही डॉलरांची, पण तिच्यामागे सव्वाशे वर्षांची भांडणं आहेत.

तिथला विद्यार्थी संघ म्हणजे आपल्याकडच्या अभाविप किंवा एनएसयूआयसारखी पक्षाशी नातं सांगणारी संघटना नव्हे. विद्यापीठात प्रवेश घेतला की माणूस बहुधा आपोआपच सभासद होतो, फीबरोबर वर्गणी कापली जाते, आणि निवडून आलेले पदाधिकारी लाखो डॉलरांचा कारभार बघतात. एवढा पैसा जिथे फिरतो तिथे बातमीदार लागतोच. प्रश्न त्याच्या पगाराचा.

सुरुवातीला भांडण संघाशी नव्हतंच, विद्यापीठाशी होतं. टोरांटो विद्यापीठातलं ‘द व्हार्सिटी’ १८८० साली निघालं. १८९५ मध्ये त्याचा संपादक जेम्स टकर याने विद्यापीठाच्या कारभारावर झोड उठवली आणि प्रशासनाने त्याला निलंबित केलं. त्याच सुमारास विल्यम डेल नावाच्या प्राध्यापकांना वृत्तपत्रात टीकेचं पत्र लिहिल्याबद्दल घरी बसवण्यात आलं. विद्यार्थ्यांनी फेब्रुवारीत तासांवर बहिष्कार टाकला. या संपाच्या पुढाऱ्यांत विल्यम लायन मॅकेंझी किंग हा तरुण होता. हाच पुढे कॅनडाचा पंतप्रधान झाला. टकरला मात्र टोरांटोची पदवी मिळाली नाही. शिक्षण पुरं करायला त्याला कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डला जावं लागलं. पुढाऱ्याचं सहसा निभावतं, लिहिणारा सापडतो.

विसाव्या शतकात विद्यार्थी संघ बळकट झाले आणि बहुतेक वृत्तपत्रं त्यांच्या छत्राखाली आली. छपाईचं बिल संघ भरणार, खोली संघाची, संपादकाचं मानधन संघाच्या अंदाजपत्रकातून. प्राचार्यांच्या धाकापासून सुटका झाली खरी, पण मालक बदलला इतकंच. कॅम्पसवरच्या पत्राची मुख्य बातमी असते तरी काय? संघाची निवडणूक, संघाचा खर्च, संघातली भांडणं. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच हातून पैसे घ्यायचे, हा मामला फार काळ गोडीगुलाबीने चालणार नव्हता.

व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तो फाटलाच. तिथलं ‘द यूबिसी’ १९१८ पासूनचं. तोंडाळपणाबद्दल त्याची ख्याती अशी, की ‘(व्हँकुव्हरातल्या) ब्लँका रस्त्याच्या पश्चिमेचं सगळ्यात हलकट चोपडं’ हे बिरुद ते स्वतःच मिरवायचं. १९९४ मध्ये संघाशी खटका उडाला आणि संघाने पत्र बंदच करून टाकलं. पत्रकारांनी मग थेट विद्यार्थ्यांकडे दाद मागितली. १९९५ मध्ये सार्वमत झालं, पत्रासाठी स्वतंत्र फी द्यायला विद्यार्थ्यांनी होकार दिला, आणि ‘यूबिसी’ स्वायत्त संस्था म्हणून पुन्हा निघालं. संघाने गळा दाबला आणि वर्गणीदारांनी सोडवला, असं हे प्रकरण आहे.

ही वाट त्याआधीच मळलेली होती. ‘व्हार्सिटी’ने १९८० च्या सुमारास स्वतःची ना-नफा संस्था काढली, मॅकगिल विद्यापीठाचं ‘मॅकगिल डेली’ १९८१ मध्ये संघापासून वेगळं झालं, ओटावाचं ‘शार्लटन’ त्याच दशकाच्या अखेरीस. व्यवस्था साधी आहे. फी विद्यापीठ गोळा करतं आणि ठरलेली रक्कम पत्राच्या संस्थेकडे जाते. संघाच्या खजिनदाराला ती अडवता येत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. मॅकगिलमध्ये दर पाच वर्षांनी विद्यार्थ्यांना विचारावं लागतं की हे पत्र हवं की नको. सगळेच वेगळे झाले असंही नाही. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाचं ‘क्वीन्स जर्नल’ १८७३ पासून निघतंय आणि आजही त्याचा प्रकाशक विद्यार्थी संघच आहे. मजकुरात हात घालायचा नाही, हा दंडक तिथे पाळला जातो. पण दंडक पाळणारे पदाधिकारी दरवर्षी बदलतात, म्हणून मला वेगळ्या फीचीच व्यवस्था जास्त भरवशाची वाटते.

तिच्यावर आक्षेप आहेच आणि तो पोकळ नाही. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाने न वाचलेल्या, किंवा वाचून चीड येणाऱ्या पत्रासाठी पैसे का द्यावेत? ओंटारिओचे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, डग फोर्ड यांच्या सरकारने जानेवारी २०१९ मध्ये नेमका हाच धागा पकडला. शिकवणी शुल्कात १० टक्के कपात आणि सोबत ‘स्टुडंट चॉइस’ नावाची योजना, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली फी नाकारायची सोय. महिन्याभरात फोर्ड यांच्या नावाने पक्षनिधीसाठी गेलेल्या ई-मेलमध्ये विद्यार्थी संघांच्या ‘वेडगळ मार्क्सवादी’ उद्योगांचा उल्लेख आला, आणि खिशाची काळजी किती अन् हिशेब चुकते करणं किती, हे उघड झालं. गंमत म्हणजे संघाच्या तावडीतून सुटलेली पत्रंही त्याच यादीत संघाशेजारी जाऊन बसली.

कॅनडाच्या विद्यार्थी महासंघाने आणि यॉर्क विद्यापीठाच्या संघाने कोर्ट गाठलं. २१ नोव्हेंबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींनी एकमताने योजना रद्द केली. ऑगस्ट २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. निकाल मात्र वृत्तपत्रस्वातंत्र्यावर टेकलेला नव्हता. विद्यापीठं कायद्याने स्वायत्त आहेत, मंत्रिमंडळाला नुसता आदेश काढून त्यांच्या आणि विद्यार्थी संघांच्या व्यवहारात असा हात घालता येणार नाही, एवढंच न्यायालय म्हणालं. कायद्यात बदल करायची वाट त्यामुळे उघडीच राहिली.

आपल्याकडे हा वाद या रूपात उभाच राहत नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजात वार्षिकांकाची फी घेतली जाते, अंकाच्या पहिल्या पानांवर प्राचार्यांचं मनोगत आणि संस्थाचालकांचे फोटो येतात, संपादक म्हणून मराठीचे प्राध्यापक असतात. पैसा विद्यार्थ्यांचाच, पण विद्यार्थी मंडळाने काय खर्च केला याची बातमी त्यात शोधूनही सापडायची नाही.

ओंटारिओत मे २०२५ मध्ये सरकारने ३३ क्रमांकाचं विधेयक मांडलं. विद्यापीठांनी विद्यार्थ्यांकडून कोणती फी घ्यावी याचे नियम करण्याचा अधिकार सरकारला देण्याची तरतूद त्यात होती. या वेळी आदेश नव्हता, कायदाच होता.