पीयूसी चाचणी

पीयूसी चाचणी : रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाच्या धुराची ठरावीक मुदतीने होणारी सक्तीची तपासणी. ‘पोल्यूशन अंडर कंट्रोल’ या प्रमाणपत्राच्या नावाचे हे लघुरूप आहे. बोलताना मात्र कोणी ‘चाचणी केली’ म्हणत नाही, ‘पीयूसी काढली’ म्हणतात; जणू तो एखादा दाखला असावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ हा या तपासणीचा आधार. नव्या वाहनाला पहिले वर्ष सूट असते. त्यानंतर बीएस-४ (‘भारत स्टेज’ या धुराच्या मानकांचा चौथा टप्पा) आणि पुढच्या वाहनांना वर्षाची, जुन्यांना सहा महिन्यांची मुदत मिळते. विजेवर चालणाऱ्या वाहनांना ही तपासणी लागू नाही.

पेट्रोल आणि सीएनजी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. चाचणीची ही रीत कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या काळातली, आणि त्या काळी ती खरोखर उपयोगी होती. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की मोनॉक्साइड वाढे, ठिणगी चुकली की हायड्रोकार्बन. मेकॅनिकने स्क्रू थोडा फिरवला की आकडा खाली येई आणि गाडी पेट्रोलही कमी पिई. फ्युएल इंजेक्शन आणि धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आल्यावर असा बिघाड दुर्मीळ झाला, चाचणी मात्र बरीचशी तीच राहिली. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल कारची इंजिनाच्या वाढीव फेऱ्यांवरही तपासणी होते, पण इंजिनावर भार नसतोच. चढावर, गर्दीत, माल भरून गाडी काय सोडते ते यातून कळत नाही.

डिझेल गाडीला न्यूट्रलमध्येच पूर्ण रेस देऊन धुराचा दाटपणा मोजतात. पेडल अर्धेच दाबले तर आकडा आपोआप सुधारतो. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. अतिसूक्ष्म कण धूरमापीला नीट दिसत नाहीत. धुरातले कण अडवणारी कणगाळणी काढून टाकलेली डिझेल गाडीही त्यातून सुटू शकते. म्हणूनच नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून डिझेल गाड्यांच्या तपासणीत कण मोजणारे यंत्र आणले.

न्याय्यतेचा प्रश्न मर्यादांपासूनच सुरू होतो. एप्रिल २००० पूर्वीच्या दुचाकीला ४.५ टक्के मोनॉक्साइड चालतो, बीएस-४ पेट्रोल कारला ०.३ टक्के. जुन्या गाडीच्या मालकाकडे तिच्या काळापलीकडचे तंत्र मागता येत नाही, हे रास्तच; सिग्नलला तिच्या मागे उभ्या असलेल्याचा मात्र यात विचार नाही. उलट बाजूने, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर दंडाची कमाल रक्कम १०,००० रुपये झाली. ही रक्कम जुन्या स्कूटरच्या बाजारभावाच्या आसपास जाते, महागड्या एसयूव्हीच्या मालकाला ती जाणवतही नाही. शिवाय रस्त्यावर तपासला जातो तो बहुधा धूर नव्हे, कागद. मुदत संपलेली स्वच्छ गाडी अडकते. काळा धूर सोडणारा ट्रक प्रमाणपत्र दाखवून पुढे जातो.

पीयूसी केंद्राच्या चालकाला पैसे मिळतात ते गाडीमागे, आणि सारख्या नापास करणाऱ्याकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. नळी अर्धवट घातली की बाहेरची हवा मिसळते आणि गाडी पास. निकाल थेट ‘वाहन’ या सरकारी वाहननोंदणी प्रणालीत जाऊ लागले, नंबरप्लेटचा फोटो सक्तीचा झाला, त्यामुळे गाडी न आणता मिळणाऱ्या प्रमाणपत्रांना काहीसा आळा बसला. नळी किती आत गेली हे फोटोत दिसत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये असा आदेश दिला. परिणाम भलताच झाला: पीयूसी नाही म्हणून विमाही नाही, आणि अशा गाडीने कोणाला उडवले तर भरपाईची मारामार. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट मागे घेतली.

भरधाव वाहनाच्या धुरातून प्रकाशकिरण सोडून रस्त्याकडेनेच मोजमाप करण्याचे दूरसंवेदी तंत्रही आहे. त्यात चालकाला आधी तयारी करता येत नाही आणि केंद्रचालक मध्ये येत नाही. भारतात नियमित तपासणीत ते अजून रुळलेले नाही.