स्नॅपमधलं रोजगार प्रशिक्षण: तीन महिन्यांच्या घड्याळाची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने स्नॅप, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी अन्नमदत, घेणाऱ्यांवरची कामाची अट वयाच्या ६४ वर्षांपर्यंत नेली. सगळ्यात धाकटं मूल १४ वर्षांचं झालेले पालकही त्यात आले. बेघर, माजी सैनिक आणि सरकारी देखरेखीखाली वाढलेले तरुण यांना २०२३ मध्ये मिळालेली सूट दोनच वर्षांत गेली. या बदलाला अनेक जण ‘प्रशिक्षणाची सक्ती’ म्हणतात. शब्द सोपा आहे, पण चुकीचा आहे. अन्नमदतीला जोडलेलं प्रशिक्षण आणि मदतीवरची मुदत हे दोन वेगळे धागे आहेत. त्यांची गाठ १९९६ मध्ये पडली.

पहिला धागा जुना आहे. फूड स्टॅम्पचा, म्हणजे स्नॅपच्या जुन्या रूपाचा, कायदा १९६४ चा. १९७१ च्या दुरुस्तीने सक्षम प्रौढांना कामासाठी नाव नोंदवणं बंधनकारक केलं. ही फक्त नोंदणी होती, शिकवणं नव्हतं. १९७७ च्या कायद्यात मदतीच्या बदल्यात सार्वजनिक काम करून घेण्याचे प्रयोग आले. १९८५ च्या शेती कायद्याने ‘रोजगार आणि प्रशिक्षण’ नावाची शाखा उभी केली आणि एप्रिल १९८७ पर्यंत प्रत्येक राज्याने ती सुरू करावी असं ठरवलं. त्यात काय असावं हे राज्यांवर सोपवलं. अनेक राज्यांनी सर्वांत स्वस्त मार्ग धरला: इतक्या मालकांकडे अर्ज करा आणि त्याची यादी आणून द्या. कागदोपत्री हेही या शाखेतच मोजलं जाई. सुतारकाम, वेल्डिंग किंवा रुग्णसेवेचा अभ्यासक्रम बहुतेकांच्या वाट्याला आलाच नाही.

मग १९९६. कल्याणकारी मदतीच्या मोठ्या फेररचनेत एक कलम आलं. १८ ते ४९ वयाचा, घरात मूल नसलेला, काम करू शकणारा प्रौढ ३६ महिन्यांत फक्त ३ महिने मदत घेऊ शकेल. त्यापुढे मदत हवी तर आठवड्याला किमान २० तास काम, तेवढंच मान्य प्रशिक्षण किंवा मदतीच्या बदल्यातलं काम. वाचताना हे वाजवी वाटतं. पण कलमात एक गोष्ट नव्हती: ज्याला काम मिळत नाही त्याला प्रशिक्षणाची जागा देण्याचं बंधन राज्यावर नव्हतं. जागा नसली तरी घड्याळ चालूच. शिवाय नुसता नोकरीचा शोध, ज्यावर राज्यांचा इतकी वर्षं सगळा भर होता, तो या २० तासांत जवळजवळ धरलाच जात नाही. तो मुख्य कार्यक्रमाचा छोटा भाग असेल तरच मोजतात. म्हणजे माणूस महिनाभर दारोदार फिरला तरी त्याचा महिना संपतोच. या संपूर्ण इतिहासातला सर्वांत कठोर निर्णय माझ्या मते हाच. त्यानंतरच्या बहुतेक दुरुस्त्या त्याभोवतीच फिरल्या.

या गटाला कार्यालयांत ‘एबॉड’ म्हणतात: धडधाकट आणि अवलंबित नसलेला प्रौढ. दोन्ही विशेषणं फसवी आहेत. ‘धडधाकट’ शब्दात मराठीतही एक टोमणा दडलेला आहे, धडधाकट असून मागतो असा. प्रत्यक्षात ज्याच्या आजाराचा कागद नाही असा माणूसही धडधाकटच ठरतो. ‘अवलंबित नसलेला’ म्हणजे फक्त त्याच घरात मूल नसलेला. दुसऱ्या घरी राहणाऱ्या मुलाच्या पोटगीसाठी पैसे भरणारा बापही त्यात बसतो.

१९९७ मध्ये प्रशिक्षणाचा निधी वाढला, पण त्यातले ८० टक्के याच गटावर खर्च करण्याची अट घातली. राज्यांकडून त्यातला बराच पैसा खर्चच झाला नाही. २००२ मध्ये ती अट काढली. त्याच वर्षी, मुदत संपत आलेल्या प्रत्येकाला जागा देण्याची हमी घेणाऱ्या राज्यांसाठी वर्षाला २ कोटी डॉलर वेगळे ठेवले. हमी घेणं ऐच्छिकच राहिलं.

खरं प्रशिक्षण वेगळ्या वाटेने आलं. राज्याने किंवा स्थानिक संस्थेने स्वतःचा पैसा घातला तर निम्मा खर्च केंद्र परत देतं, ही तरतूद जुनीच होती. वॉशिंग्टन राज्यात २००५ पासून कम्युनिटी कॉलेजांनी तिचा नीट वापर केला. लोक स्वेच्छेने आले आणि अभ्यासक्रमांबरोबर प्रवासखर्चही मिळू लागला. २०१४ च्या कायद्याने १० राज्यांतल्या प्रयोगांना २० कोटी डॉलर दिले. २०१८ मध्ये प्रत्येक सहभागी व्यक्तीमागे मार्गदर्शक नेमणं बंधनकारक झालं आणि यादी आणून देण्याच्या जागी देखरेखीखालचा शोध आला. मला हा बदल उशिरा झालेला, पण मोलाचा वाटतो.

घड्याळ मात्र थांबत-चालत राहिलं. मंदीत २००९-१० मध्ये आणि साथीच्या काळात २०२० ते २०२३ ते थांबवलं. काम नसलेल्या भागांना मिळणारी सूट आवळणारा २०१९ चा नियम न्यायालयाने २०२० मध्ये रद्द केला. २०२३ मध्ये सरकारी कर्जाच्या मर्यादेवर झालेल्या तडजोडीत वय टप्प्याटप्प्याने ५४ पर्यंत गेलं. २०२५ च्या कायद्यानंतर बहुतेक ठिकाणी सूट मागायला १० टक्क्यांहून जास्त बेरोजगारी लागते. म्हणजे न्यायालयाने अडवलं होतं त्याहून जास्त आता कायद्यानेच आवळलं आहे.

हमी घेणाऱ्या राज्यांसाठीचे ते २ कोटी डॉलर २०१८ च्या कायद्यातही २ कोटीच राहिले. ते ठरले तेव्हा घड्याळ फक्त पन्नाशीच्या आतल्यांसाठी चालत होतं.